पोलीस चारित्र्य पडताळणीचा अर्ज करताना

अर्ज भरण्यापूर्वी प्रमाणपत्र नेमके कशासाठी हवे आहे, हे मागणाऱ्याकडून लेखी घ्यावे. कारण परदेशातील नोकरी, दीर्घकालीन व्हिसा किंवा स्थलांतरासाठी लागणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पारपत्र कार्यालय देते आणि त्याचा अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच करावा लागतो. महाराष्ट्रातील नोकरीसाठी मात्र राज्य पोलिसांच्या ऑनलाइन सेवेत नोंदणी करून ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि आस्थापनेचे पत्र जोडावे. पूर्वीचे पत्ते वगळू नयेत.

खरी अडचण येते ती गुन्ह्याच्या रकान्यात. खटला प्रलंबित असो वा निर्दोष सुटका झालेली असो, विचारलेली माहिती खरी भरावी, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात स्पष्ट केले आहे की, माहिती दडवणे हे स्वतंत्रपणे नियुक्ती रद्द करण्याचे कारण ठरू शकते. उलट प्रामाणिकपणे सांगितले तरी नियुक्तीचा निर्णय नियोक्त्याच्या विवेकाधीन राहतो. सुटका झाली असल्यास निकालाची प्रमाणित प्रत सोबत ठेवावी, तोंडी खुलाशावर विसंबू नये.

स्वतःच्या नावावर काय नोंदले आहे, हे आधी ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येते. संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवालही पोलिसांच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात. नामसाधर्म्याने घोटाळा होण्याचा संभव असल्याने वडिलांचे नाव आणि पत्ता अवश्य ताडून पाहावा.