शाळेची किल्ली कुणाकडे आहे?

शेजारच्या नगरपंचायतीतले एक ओळखीचे परवा म्हणाले, तुमचा आपत्ती आराखडा द्या, गावाचं नाव तेवढं बदलतो आणि आमचा म्हणून जोडून टाकतो. मी दिला नाही. हेवा म्हणून नव्हे. तो चाळीस पानांचा आराखडा मीच केला होता, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर, बैठकीत त्याचं कौतुकही झालं होतं. ज्या एका रात्री त्याची गरज पडली, त्या रात्री तो माझ्या काखोटीला भिजत होता आणि मी शाळेच्या कुलपासमोर उभा होतो. त्याच्याऐवजी हे वाचा.

सोपं आधी उरकतो. कुठल्याही संकटाला ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, गॅसगळती १९०६. बॅटऱ्या, दोरखंड, शिट्ट्या, हवा भरलेल्या ट्यूबा, प्रथमोपचार पेटी हे प्रत्येक यादीत असतं, तुमच्याही असेल. एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, त्याची पाचवी बटालियन आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळात सुदुंबऱ्याला आहे, म्हणून निवांत राहू नका. त्यांना वरून आदेश लागतो, आणि ज्या रस्त्याने ते यायचे तोच बहुतेक वेळा पाण्याखाली असतो. पहिले काही तास गावाचे गावानेच काढायचे.

आता किल्ल्या. हसू नका.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातलं, पुढे नदी, मागे डोंगर, कडेने हायवे. त्या ऑगस्टात रात्री साडेअकराला धरणाचा विसर्ग वाढवल्याचा निरोप आला. खालच्या आळीतली साठेक माणसं पाऊण तासात बाहेर काढली, इतपत आम्ही शहाणे होतो. त्यांना घेऊन शाळेपाशी आलो तर फाटकाला कुलूप. शिपाई बहिणीकडे बारामतीला गेलेला. मुख्याध्यापक पुण्यात राहतात, फोन बंद. पहार आणून कुलूप तोडलं, आत गेलो तर व्हरांड्याच्या ग्रिलला दुसरं. ते तोडलं तर प्रत्येक वर्गाला वेगळं. सगळं मिळून पन्नास मिनिटं. ऐंशीच्या घरातल्या एक आजी डोक्यावर खताचं पोतं घेऊन कट्ट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "घरात पाणी शिरलं होतं रे, पण दार तरी उघडं होतं." पुढे आठवडाभर त्या न्यूमोनियाने दवाखान्यात होत्या. आराखड्याच्या सतराव्या पानावर मी लिहिलं होतं, निवारा केंद्र: शाळा, क्षमता २०० माणसं. किल्ली कुणाकडे, हे चाळीस पानांत कुठेच नव्हतं.

म्हणून मे महिन्यात पहिलं काम हे करा. संकटाच्या वेळी गावातलं जे जे दार उघडावं लागतं, ते कागदावर घ्या. शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय, देवळातली भोंग्याची खोली, पाणीपुरवठ्याचं पंपघर, क्लोरीनची खोली, जनरेटर, उंच इमारतींच्या गच्च्या, रुग्णवाहिका. रुग्णवाहिकेची किल्ली ड्रायव्हरच्या खिशात असते आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. प्रत्येक कुलपाच्या तीन किल्ल्या करा. एक ज्याची त्याच्याकडे, एक पोलीस चौकीत, आणि तिसरी त्या दाराच्या सगळ्यात जवळच्या अशा घरात, जिथे बारा महिने कुणीतरी झोपतंच. कागदावर हुद्दा लिहू नका. 'मुख्याध्यापक' हा हुद्दा रात्री पुण्याला जातो. माणसाचं नाव लिहा, घराची खूण लिहा. एकच प्रश्न विचारत चला: रात्री दोन वाजता ही किल्ली कुठे झोपलेली असते? उत्तर द्यायला समोरचा अडखळला की समजा, त्या दाराची व्यवस्था झालेली नाही. आणि किल्ली आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कुलपात घालून फिरवून बघा. आम्ही फिरवली तर तीन कुलपं गंजून मिठी मारून बसली होती. तेल घाला नाहीतर बदला.

रात्री दोन मी उगाच म्हणत नाही. पुण्याच्या वरचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला सकाळी फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. पेठांमधून गळ्याइतक्या पाण्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी घरी ऐकल्यात, पण उजेड होता म्हणून पुष्कळांना पर्वतीकडे, उंचावर पळता आलं. प्रत्येक वेळी उजेड मिळत नाही. २५ सप्टेंबर २०१९ ला पुण्यातल्या आंबिल ओढ्याला लोंढा आला तो रात्री. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोक झोपेत होते. किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, तोही विसर्जनाची रात्र जागून लोक नुकते पाठ टेकल्यावर. तेव्हा तालीम घ्यायची तर रात्री घ्या, वीज बंद करून घ्या, जमलं तर पावसात घ्या. सकाळी अकराला चहा-वड्यासह जी होते ती तालीम नव्हे.

पुराचा हिशोब जरा सावकाश समजून घ्या, कारण क्युसेक हा शब्द सगळे वापरतात आणि फार थोड्यांना तो दिसतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. खडकवासल्याचंच बघा. त्याच्या वर पानशेत साडेदहा टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी), वरसगाव पावणेतेराच्या आसपास, टेमघर पावणेचारचं, आणि खडकवासला स्वतः जेमतेम दोन टीएमसीचं. वरची भरलेली असतील तर खालच्या धरणाला पाणी अडवायला जागाच नसते, आलेलं पुढे सोडावं लागतं, आणि घाटात पाऊस कोसळत असताना ते काही तासांत वाढतं. तुमच्या डोक्यावर कुठलंही धरण असो, मेमध्ये जाऊन त्याची साठवण किती, दरवाजे किती आणि सोडलेलं पाणी तुमच्या पुलापाशी यायला किती वेळ लागतो, ते लिहून आणा. मग जुन्या माणसांना नदीवर घेऊन जा आणि किती विसर्गाला घाटाची कुठली पायरी बुडते ते रंगाने भिंतीवर लिहा. निरोपातला आकडा खालच्या आळीतल्या बाईला काही सांगत नाही. 'पाणी मारुतीच्या ओट्याला लागणार' म्हटलं की ती पोरं उचलते. कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाआधी निघाले का ते डोळ्यांनी बघा, फोनवर विचारू नका. आणि ओढ्यांना धरण नसतं, त्यामुळे विसर्गाचा निरोपही नसतो. आंबिल ओढ्याने तेच दाखवलं. ओढ्याकाठच्या संरक्षक भिंती आणि त्यांना टेकून बांधलेली घरं आधी बघा. भिंत पाणी अडवते आणि मग एकदम जाते.

निरोप पोचवायचा कसा? व्हॉट्सॲपवर नको. टॉवरची बॅटरी संपली की ग्रुप संपला. देवळाचा भोंगा, मशिदीचा लाऊडस्पीकर, दोन्ही इन्व्हर्टरवर चालतात का बघा, आणि त्या खोल्यांच्या किल्ल्या. हो, पुन्हा. त्या रात्री भोंगाही बंदच राहिला, पुजाऱ्यांनी खोली लावून घेतली होती आणि ते सासुरवाडीला होते. पोरांनी पिंपं बडवली.

माणसांची यादी मतदारयादीवरून करू नका. वीटभट्टीवरची पालं, ऊसतोडीला आलेल्या टोळ्या, कंपनीत कामाला आलेली, एका खोलीत सहा-सहा राहणारी परगावची मुलं ही कुठल्याच यादीत नसतात आणि नदीच्या सगळ्यात जवळ तीच असतात. अंथरुणाला खिळलेली माणसं, दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवाले, ऑक्सिजनवाले: प्रत्येकाला उचलणारे दोघे, नावानिशी. आशाताईंना विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. जनावरांची दावी कापायला कोयता दाराशी ठेवा.

वीज. पाणी चढायला लागलं की महावितरणला सांगून त्या भागाची लाइन बंद करून घ्या. २०२४ च्या त्याच जुलैत पुण्यात पुलाची वाडी भागात पाण्यातून हातगाडी हलवताना तिघं शॉक लागून गेले. वायरमनचा नंबर भिंतीवर, त्याच्या बदलीवरच्या माणसाचाही.

डोंगराखाली वस्ती असेल तर माळीण विसरू नका. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका, दरडीखाली दीडशेच्या वर माणसं गेली, आणि गाव दिसत नाही हे आधी लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. जमिनीला नव्या भेगा, नवा झरा किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, कललेले खांब, एकाएकी घट्ट बसायला लागलेली दारं, यातलं काहीही दिसलं तर त्याच संध्याकाळी वस्ती हलवा, पंचनाम्याची वाट बघू नका. हे रोज वर जाणाऱ्या धनगराला आणि गुराख्याला कळतं, तज्ज्ञाला बोलावल्यावर कळतं. त्यांना समितीत घ्या. भूकंपाचं थोडक्यात: पुणे तिसऱ्या झोनमध्ये, कोयना शेजारी, तिथला १९६७ चा भूकंप सगळ्यांना ठाऊक आहे. जुने माळवदी वाडे आणि पाण्याची टाकी तपासून घ्या.

माणसाने ओढवलेल्या संकटांसाठी आमच्या आराखड्यात दीड पान होतं, त्यातलं अर्धं पान फटाक्यांच्या स्टॉलवर. खरं भय पाणीपुरवठ्याच्या आवारात बसलंय. जिथे पाणी शुद्ध करायला क्लोरीनचे सिलिंडर वापरतात, तिथे तो वायू हवेपेक्षा अडीच पट जड असतो. गळला तर जमिनीलगत सरपटत उताराने सखल वस्तीत शिरतो. म्हणजे पुरासारखंच उंचाकडे पळायचं, आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने, नाकातोंडावर ओलं फडकं धरून. गळत्या सिलिंडरवर पाणी मारू नका, छिद्र गंजून मोठं होतं. श्वासाचं उपकरण नसलेल्याने त्या खोलीत जाऊ नये. आणि ते उपकरण कुलूपबंद कपाटात, त्याच क्लोरीनच्या खोलीत ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय! बाहेर काढा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, किल्ली पंपघरातल्या ऑपरेटरच्या गळ्यात. दूध शीतकरण केंद्र किंवा कोल्ड स्टोरेज असेल तर अमोनियाबद्दल त्यांच्याच फिटरला बोलवून गावासमोर बोलायला लावा.

हायवेवर टँकर उलटला की बादल्या, कॅन घेऊन गर्दी धावते. ही गर्दी अडवायला दोरखंड आणि चार दांडगी पोरं आधीच ठरवा, मोटारसायकली लांब ठेवा, विड्या विझवा. टँकरच्या पाटीवर चार आकडी नंबर असतो, १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. लांबूनच मोबाइलचा कॅमेरा मोठा करून तो वाचा आणि फोनवर सांगा, येणारे त्या तयारीने येतील.

जत्रा: २५ जानेवारी २००५, मांढरदेवीची चेंगराचेंगरी. चिंचोळी वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या पायऱ्या, दुकानांत गॅसचे सिलिंडर. तुमच्या जत्रेत यातलं काय काय आहे ते मोजा. वर जायची वाट वेगळी, उतरायची वेगळी, आणि मागच्या दाराला कुलूप नको. असलंच तर किल्ली दारावरच्या माणसाच्या हातात, ट्रस्टींच्या घरी नको. जुना पूल असेल आणि रविवारी त्यावर सेल्फीवाले येत असतील तर १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला कोसळलेला पूल आठवा आणि पूल बंद करा. नुसता फलक लावू नका, वाट अडवा.

पाणी ओसरल्यावर: आधी फोटो, मग साफसफाई, नाहीतर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. मेन स्विच वायरमनशिवाय नाही. विहिरींत ब्लीचिंग. साप घरात येतात, कोनाड्यात हात घालू नका, सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात आहे का ते जूनमध्येच विचारून ठेवा. उंदरांच्या तापासाठी (लेप्टो) चिखलात काम केलेल्यांना दवाखान्यात पाठवा. कपडे वाटणारे येतील, त्यांना चादरी आणि सॅनिटरी पॅड मागा, जुन्या साड्या नकोत. बाकी जे त्या वेळी सुचेल ते.

थांबतो आता. शाळेने ग्रिलला नवं कुलूप घेतलंय, त्याच्यासोबत दोनच किल्ल्या आल्यात. तिसरी करून आणायची आहे आणि किल्लीवाला सातला दुकान बंद करतो.