सिरॅमिक कोटिंग फसलं? ‘आणखी एक लेअर’ मारून घेण्याआधी हे वाचा

संध्याकाळी कोटिंग करणाऱ्या स्टुडिओतून गाडी घरी आणली तेव्हा बॉनेटमध्ये चेहरा दिसत होता. दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात त्याच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे, दारावर इंद्रधनुषी तेलकट डाग आणि डिक्कीजवळच्या काळ्या प्लास्टिकवर वाळलेली पांढरी पूड. इंदुरात फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, “भिया, सात दिन में सेट हो जाएगा.” फारच तणतण केली तर, “ले आओ, एक लेअर और मार देते हैं, फ्री में.”

हे फुकटचं दुसरं उत्तरच जास्त महागात पडतं. कोटिंग म्हणजे सिलिकाचा पारदर्शक थर, जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). त्याखालचा कंपनीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा. चरे असतात ते क्लिअर कोटमध्ये. कोटिंग ते भरत नाही, उलट चमक वाढल्यामुळे ते जास्त उठून दिसतात. वर आणखी एक लेअर चढवला की चरे दोन थरांखाली बंद होतात, आणि पुढे ते काढायचे तर आधी दोन्ही थर घासून काढावे लागतात.

म्हणून आधी ठरवा, दोष कोटिंगच्या खाली आहे, कोटिंगमध्ये आहे की नंतरच्या धुण्यात. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्यात नेहमी होणाऱ्या चुका खाली एकेक करून.

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली गाडी ताब्यात घेणं

ट्यूबलाइटचा पसरट उजेड सगळं झाकतो. गाडी दिवसा घ्या, उन्हात उभी करवा. ते शक्य नसेल तर मोबाइलचा टॉर्च पॅनलपासून एक-दीड फुटावर तिरका धरून हळूहळू फिरवा. उजेडाभोवती गोल जाळं दिसलं तर ते स्वर्ल मार्क, म्हणजे पॉलिशिंग नीट झालेलंच नाही. टॉर्चबरोबर सरकणारे रुंद, लाटांसारखे पट्टे दिसले तर ते होलोग्राम. रोटरी मशीनवर लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड (पेंट घासून चरे काढणारी पेस्ट) मारून थांबलं, बारीक फिनिशिंग केलं नाही, की ते हमखास उरतात. आणि एकाच जागी चिकटून बसलेला गडद किंवा इंद्रधनुषी डाग दिसला तर तो हाय स्पॉट. तिथे कोटिंग जास्त लागलं आणि वेळेत पुसलं गेलं नाही. पांढऱ्या गाडीवर हे सगळं लपतं, काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर दहा फुटांवरून दिसतं.

आदल्या संध्याकाळी मग सगळं छान कसं दिसलं? बऱ्याच कंपाउंडमध्ये तेल आणि फिलर असतात. ते चऱ्यांत बसतात आणि चार दिवस गाडी गुळगुळीत भासते. पॉलिश झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं प्रत्येक पॅनल पुसून खरं रूप पाहायचं असतं. ही पायरी गाळली की दोन घोटाळे एकदम होतात. चरे लपून राहतात, आणि कोटिंग पेंटऐवजी तेलाच्या पापुद्र्यावर बसतं. असं कोटिंग पहिल्या पाच-सहा धुण्यांतच निघायला लागतं.

वेळेचा हिशेब न करणं

एवढा एक हिशेब आधी केला तर निम्म्या तक्रारी टळतील. साध्या हॅचबॅकला धुणं, लोहकण काढणं, क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी माती) फिरवणं आणि रबर-प्लास्टिकवर टेप लावणं यात दोन-अडीच तास जातात. एका स्टेजचं, म्हणजे एकाच प्रकारच्या पॅड आणि पॉलिशनं केलेलं, मशीन पॉलिश सहा ते आठ तास, दोन स्टेजचं त्याहून बरंच जास्त. मग पुसणं, तपासणं, पॅनलमागून पॅनल कोटिंग लावणं, असे आणखी दोन तास. त्यानंतर रात्रभर तरी गाडी आतच उभी राहायला हवी. सकाळी दहाला दिलेली गाडी ‘थ्री लेअर, पाच वर्षं गॅरंटी’ लावून सहाला परत मिळाली, तर काहीतरी गाळलंय. बहुधा पॉलिशिंग.

जाहिरातीतल्या ‘नाइन एच’ या शब्दावरही भाळू नका. ती पेन्सिलीच्या कडकपणाची मोजपट्टी आहे. चावीचा ओरखडा, खडी उडून पडलेला टवका यांच्यापुढे एका मायक्रॉनचं काही चालत नाही.

हाय स्पॉट घरी घासणं

टूथपेस्ट, रॉकेल, हातानं रबिंग, सगळं विसरा. कोटिंग लावल्यावर पहिल्या तासाभरात लक्षात आलं तर त्याच कोटिंगचे दोन थेंब डागावर फिरवून लगेच पुसलं की तो सुटतो. रात्र उलटली की मात्र मशीनच लागतं. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर, मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचे मटारएवढे तीन-चार ठिपके. दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन मंद गतीनं चार ते सहा फेऱ्या मारायच्या, अल्कोहोलनं पुसायचं, टॉर्चनं पाहायचं. डाग गेला की तिथलं कोटिंगही गेलेलं असतं, म्हणून तेवढ्या भागावर तेच प्रॉडक्ट पुन्हा लावायचं. दुकानदाराकडून हे काम करून घ्या आणि करताना समोर उभे राहा. एका गाडीला कोटिंगची साधारण 30 ते 50 मिलीची बाटली पुरते. ती तुमच्यासमोर उघडली जावी आणि बॅच नंबरचा फोटो घेतलेला असावा.

होलोग्राम आणि स्वर्लसाठी हा ठिगळ-उपाय चालत नाही. कोटिंग काढून पूर्ण पॅनल पॉलिश करून नव्यानं कोटिंग, एवढाच खरा इलाज.

जाडी न मोजता पुन्हा पॉलिश करायला देणं

क्लिअर कोट काही परत उगवत नाही. एका स्टेजच्या पॉलिशमध्ये साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात, चुकीच्या हातात त्याहून बरेच. म्हणून दुरुस्तीच्या आधी पेंट गेजनं प्रत्येक पॅनलवर पाच जागी मोजून आकडे लिहून घ्या. कंपनीचा पूर्ण पेंट साधारण 80 ते 140 मायक्रॉन भरतो. 200-300 दिसलं तर तो पॅनल आधी रंगवलेला आहे, हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा असल्यानं साधा गेज तिथे आकडाच दाखवत नाही. ‘बंपर भी चेक कर लिया’ म्हणणाऱ्याला गेज लावून दाखवायला सांगा, करमणूक होईल.

कडा आणि बॉडीलाइनवर पेंट आधीच पातळ असतो. तिथे रंग फिका पडलाय किंवा खालचा प्रायमर दिसतोय, तर क्लिअर कोट जळालाय. यावर पॉलिशही नाही, कोटिंगही नाही. तो पॅनल रंगवावाच लागतो, आणि खर्च दुकानदारानं द्यायचा असतो.

पाणी मोती होत नाही म्हणून कोटिंग मेलं असं समजणं

साध्या वॅक्सवरही पाण्याचे मोती होतात, आणि उत्तम कोटिंगवरही धूळ बसली की ते थांबतात. माळव्याच्या काळ्या मातीची बारीक धूळ पेंटवर पीठासारखी चिकटते. आधी पीएच न्यूट्रल शाम्पूनं नीट धुवा, मग लोहकण काढणारं द्रावण मारून पुन्हा धुवा. मोती परतले तर कोटिंग शाबूत आहे. परतले नाहीत तर दुकानदाराशी बोलायला आधार मिळाला.

पांढरे गोल डाग बहुतेक वेळा बोरिंगच्या पाण्याचे असतात. नर्मदेच्या नळाचं पाणी एक दिवसाआड, म्हणून सोसायटीत गाड्या बोरिंगवर धुतल्या जातात, आणि ते जड पाणी उन्हात वाळलं की क्षार मागे राहतात. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेऊन सावलीत ताज्या डागावर मिनिटभर ठेवलं आणि भरपूर पाण्यानं धुतलं की तो जातो. पेंटमध्ये खड्डा पडला असेल तर पॉलिशच करावं लागतं.

आणि सकाळी सहाला येऊन एकाच बादलीत, एकाच फडक्यानं अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्या न धुताच पुसणारा माणूस. पाच हजारांचं असो वा पंचवीस हजारांचं, कोटिंग त्याच्यापुढे दोन महिन्यांत हरतं. त्याला पगार द्या, काचा पुसायला सांगा, पण पत्र्याला हात लावू देऊ नका. दुकानानं काम चोख केलेलं असेल आणि चरे याच फडक्याचे असतील, तर भांडायला जाऊन हसं होतं. पहिले सात दिवस तर गाडी धुवायचीही नसते. म्हणूनच रंगपंचमीच्या आठवड्यात कोटिंग करून घेऊ नका. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडे गाडी नेली नाही तरी गल्लीतली पोरं रंग टाकतातच, आणि मग ती धुवावीच लागते.

तोंडी भांडणं

गाडी धुण्याआधी, कोणी हात लावण्याआधी, उन्हातले फोटो आणि व्हिडिओ काढा. नंबर प्लेट एकदा तरी फ्रेममध्ये यावी. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. ‘काम खराब केलं’ नको, ‘डाव्या मागच्या दारावर तीन हाय स्पॉट, बॉनेटवर होलोग्राम, अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती हवी’ असं. वॉरंटी कार्ड वाचा. दर सहा महिन्यांनी पैसे देऊन मेंटेनन्स केला नाही तर वॉरंटी रद्द, ही ओळ बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरात असते. बिलावर प्रॉडक्टचं नाव आणि किती स्टेज पॉलिश ते लिहिलेलं नसेल तर आत्ता लिहून मागा.

दुकानदार टाळत असेल तर दुसऱ्या डिटेलरकडून दोषांचं लेखी निरीक्षण आणि दुरुस्तीचा अंदाज घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तोवर गाडी त्याच दुकानात ‘बघून घेतो’ म्हणत ठेवून जाऊ नका. त्यांनी रात्रीत एक हात कंपाउंड फिरवला की तुमचा पुरावाही गेला आणि तीन मायक्रॉनही.