भाड्याच्या गाळ्यातला खर्च कोणाचा? करारातली एक ओळ बदलून घेतली

पुण्यात बेकरीसाठी गाळा घेताना मालकांकडून आलेल्या मसुद्यात एक ओळ होती: भाडेकरूने केलेल्या सर्व सुधारणा मुदत संपल्यावर मालकाच्या. म्हणजे ओव्हन, एसी, काउंटर, सगळंच.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 108 सांगतं की ताबा असेपर्यंत भाडेकरू स्वतः बसवलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो. जागा मात्र घेतली होती तशी परत द्यायची. पण करारात वेगळं ठरलं तर करारच चालतो. त्यामुळे सहीआधी बोलणं भाग होतं.

मालकांना म्हटलं, "काका, फरशी आणि वायरिंग तुम्हाला राहू दे, यंत्रं माझी." त्यांची काळजी वेगळी होती, भिंती फोडून ठेवल्या तर काय? रास्तच होती. मग करारालाच यादी जोडली: काय न्यायचं, काय ठेवायचं, काढताना पडलेली भोकं कोणी बुजवायची. ताबा घेतानाचे फोटोही लावले. फरशीच्या बदल्यात त्यांनी पहिल्या महिन्याचं भाडं सोडलं.

पक्क्या बांधकामाला लेखी संमती घ्याच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 नुसार ती नसेल तर जागा खाली करावी लागू शकते. लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, एसी, धुराची चिमणी यांना तिथे पक्कं बांधकाम धरत नाहीत, पण गरज असेल तिथे पालिकेची परवानगी लागते.

यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि करारासोबतच ती नोंदवली.