मुलांना देवराईत नेताय? या चुका टाळा

आंबेगाव-जुन्नरपासून सिंधुदुर्गापर्यंत सह्याद्रीच्या पट्ट्यात कितीतरी प्राथमिक शाळांच्या जवळ देवराई आहे. परिसर अभ्यासाचं निम्मं पुस्तक तिथं शिकवता येतं. तरी मुलं राईत जाऊन येतात आणि हाती फारसं काही लागत नाही. ‘मुलं दंगाच करतात’, ‘लक्षच देत नाहीत’ ही तक्रार मग ठरलेली. कारणं शोधली तर बहुतेक आखणीतच सापडतात.

खूप चालणं आणि खूप सांगणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पुढे गुरुजी, मागे चाळीस मुलांची रांग. ‘हा बेहडा, हा हिरडा, ही अंजनी’ असं सांगत तासाभरात सगळी राई पालथी घालायची. रांगेच्या शेपटाला काही ऐकू येत नाही, मग तिथं ढकलाढकली सुरू होते.

त्यापेक्षा एकाच झाडाखाली अर्धा तास थांबा. पाच-पाच मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला सुतळीचं एक रिंगण आखून द्या आणि त्यातलंच बघायला सांगा. झाड उंबराचं असेल तर उत्तमच. उंबराला फूल दिसत नाही, हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं. खाली पडलेलं एक उंबर मधोमध फोडून हातावर द्या. आतल्या भिंतीला दाटीनं चिकटलेले बारीक दाणे दिसतात, तीच त्याची फुलं. बरेचदा त्यात चिलटाएवढे किडेही असतात. ‘फळ तर बंद होतं, मग हे आत शिरले कुठून?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. कुणीतरी देठाच्या विरुद्ध टोकाला असलेलं बारीक भोक शोधून काढतंच. मग सांगा, की याच वाटेनं इवलीशी गांधीलमाशी आत शिरते, अंडी घालते आणि घालता घालता परागीभवन करते. तिच्या नरांना तर पंखही नसतात. उत्तर आधीच सांगून टाकलंत तर ते भोक कुणी शोधणार नाही.

मुलांनी सांगितलेलं नाव खोडणं

महादेव कोळी किंवा कातकरी मुलाला झाडाचं नाव त्याच्या घरच्या बोलीत येतं. बाई म्हणतात, ‘असं नाही, पुस्तकात वेगळं आहे.’ तो मुलगा त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही. आधी त्याचं नाव वहीत लिहून घ्या, पुस्तकातलं शेजारी लिहा. गुरांमागे फिरणारी पोरं इथं वर्गातल्या हुशार मुलांनाही शिकवू शकतात. त्यांना ती संधी द्या.

न विचारता आत शिरणं

प्रत्येक राईचे नियम वेगळे. कुठं चप्पल बाहेर काढायची, कुठं वाळकी काटकीही उचलायची नाही. गावातल्या जाणत्या माणसांना आधी भेटा. अनवाणी जायची प्रथा असेल तर मोडू नका. मुलांना बूट घालू द्या आणि राईच्या कडेला बाहेरच बसा. कडेलाही बघायला भरपूर असतं. ‘जास्त पानं कोण गोळा करतं’ ही स्पर्धा मात्र कुठंच नको. पानावर कागद ठेवून खडूनं ठसा घ्या, पान तिथंच राहू द्या. जागा राखीव वनात किंवा अभयारण्यात येत असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

आदल्या दिवशी जागा न पाहणं

वर बघा. आग्या मोहोळ असेल तर जागा बदला. धूर, दगड, उग्र अत्तर, यातल्या कशानंही माश्या उठू शकतात. उठल्याच तर तोंड झाकून बंद खोलीकडे पळायचं, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. खाली आणि कडेला खाजकुइलीच्या शेंगा शोधा. हिवाळ्यात त्या वाळतात आणि त्यांची लव वाऱ्यानं उडते. ती अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टीनं उचला आणि साबणानं धुवा. बिब्ब्याच्या फळाचा चीक कातडी भाजून काढतो, म्हणून ते झाड मुलांना लांबूनच दाखवा.

सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या दवाखान्यात आहे, याची चौकशी आधीच करून ठेवा. दंश झालाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. तो भाग हलू न देता 108 ला फोन लावायचा. सिंधुदुर्गात 2016 मध्ये बांद्याच्या परिसरात माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीतून पसरतो. त्या भागात मेलेलं माकड दिसलं तर सत्र रद्द करा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

वेळ सकाळची धरा. उन्हाळ्यात दहाच्या आत परत या. पावसात वारा सुटला की झाडाखाली थांबू नका. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि ते गावातलं असेल तर सोन्याहून पिवळं.

मूल घाबरलं तर

हात धरून आत ओढू नका. त्याला कडेलाच बसवा आणि एखादं काम द्या: किती वेगळे आवाज ऐकू येतात, तेवढ्या रेघा ओढायच्या. बहुतेक मुलं थोड्या वेळानं आपणहून उठतात. नाही उठलं, तरी त्या दिवशीचं त्याचं काम झालेलं असतं.

परत आल्या आल्या निबंध

‘आमची वनसहल’ या विषयावर दहा ओळी लिहायला लावल्या की पुढच्या वेळी मुलं राईत जाण्याआधीच त्या ओळी जुळवू लागतात. त्याऐवजी पंधरा दिवसांनी त्याच झाडाखाली, त्याच रिंगणात बसवा आणि काय बदललं तेवढंच विचारा. वर्षातून एकदा लांबच्या जंगलात बस नेण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि मला तरी हेच जास्त मोलाचं वाटतं. बसभाड्याचे पैसे वाचले तर प्रत्येक गटासाठी एक भिंग घ्या.