घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवताय? व्होल्टेज आणि उष्णतेच्या या चुका टाळा

इंदूरच्या महाराणी रोडवरून सामान घेऊन गेलेला मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात उभा असतो. हातात पिशवी, पिशवीत बोर्ड, बोर्डवर मधोमध तडकलेला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप. "काका, आयसी डुप्लिकेट निघाला." असेलही, बाजारात तसला माल आहेच. पण मी आधी ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा विचारतो, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेले व्होल्ट तेवढेच आयसीला मिळतात, ही समजूत काही केल्या जात नाही. १५-०-१५, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही टोकांना १५-१५ व्होल्ट, हे एसीचे आकडे. पुढे एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज आणि तो डीसी सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर आला की कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणजे १.४१ पट. १५ चे झाले २१. त्यातला पाऊण-एक व्होल्ट डायोड खातो. इथपर्यंतचं गणित बऱ्याच जणांना येतं. मलाही येत होतं, आणि त्याच भरवशावर मी तोंडावर आपटलो.

आमच्या रामबागेतल्या गल्लीच्या गणपतीसाठी मी टीडीए २०३०ए या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचे दोन चॅनल बांधले होते. या आयसीची कमाल मर्यादा अधिक-उणे २२ व्होल्ट. माझे २१ च्या आतच होते, म्हणून ऐटीत १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर लावला. चार दिवस आरत्या झकास वाजल्या. रोज आरतीनंतर कोणीतरी बटण बंद करायचं. पाचव्या रात्री ते राहून गेलं. अडीचच्या सुमारास पोरं दार ठोठावत आली. मांडवात पोहोचलो तर जळक्या व्हार्निशचा वास, वूफरचा कागद पुढे येऊन तसाच ताठ अडकलेला, आणि आतून बारीक गुरगुर. "काका, गाणं तर बंद होतं!" पोरं शपथेवर सांगत होती, आणि खरंच सांगत होती.

दुसऱ्या रात्री जळका आयसी काढला आणि मीटर घेऊन बसलो. रात्री दोनला भिंतीतल्या प्लगमध्ये २४८ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर २३० साठी गुंडाळलेला, आणि त्यावरचे १५ हे पूर्ण लोडवरचे. लोड नसला की लहान ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा टक्के वर जातो. दोन्ही वाढी एकमेकांवर चढल्या आणि कपॅसिटरवर दोन्ही बाजूंना २५-२५ भरले. आरती वाजत असताना हेच व्होल्ट दबून २० वर यायचे. म्हणजे अ‍ॅम्प वाजताना सुखरूप होता, गप्प बसल्यावर मेला. आयसी आतून शॉर्ट झाला आणि २५ व्होल्ट डीसी थेट वूफरच्या कॉइलवर गेले. तीनेक अँपिअर सलग, कॉइलचा कोळसा. वूफर मेहुण्याचा होता. आयसीच्या कितीतरी पट महाग.

तेव्हापासून मी १.४१ ने गुणत नाही, सरळ १.७ ने गुणतो. येणारा आकडा आयसीच्या कमाल मर्यादेच्या आत बसला पाहिजे. नाही बसला तर ट्रान्सफॉर्मर बदलायचा, मन वळवत बसायचं नाही. १५ चे होतात २५.५, नापास. १२ चे २०.४, पास. आवाज थोडा कमी मिळेल. मिळू दे. व्होल्ट निम्म्याने वाढवून कानाला जेमतेम साडेतीन डेसिबलचा फरक पडतो, त्यासाठी मेहुण्याशी बोलणं बंद होण्याची जोखीम मला परवडत नाही.

यातच एक पोटचूक. टीडीए २०३० आणि टीडीए २०३०ए हे दुकानात एकाच डबीत पडलेले असतात. साध्या २०३० ची मर्यादा अधिक-उणे १८. शेवटच्या अक्षरामागे चार-चार व्होल्ट गेले, म्हणजे १२-०-१२ देखील माझ्या हिशेबात त्याला जास्त. काउंटरवरचा माणूस म्हणेल, "भिया, एक ही बात है." नाही. अक्षर वाचून घ्या.

एलए ४४४० या दुसऱ्या आयसीला १२-०-१२ ची दोन टोकं जोडणारे तर दर दिवाळीला भेटतात. दोन टोकांत २४ व्होल्ट एसी, कपॅसिटरवर ३३ च्या वर. हा आयसी गाडीच्या बॅटरीवर चालायला जन्मला, १३.२ व्होल्ट त्याला आवडतात, आणि सिग्नल नसतानाही २५ च्या पुढे तो सोसत नाही, वाजताना तर त्याहूनही कमी. मधली तार आणि एक टोक घ्या. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर "पडलाच होता" म्हणून लावणारेही याच पंगतीतले.

फिल्टर कपॅसिटर २५ व्होल्टचा आणि भरणार २४? पन्नासचा घ्या. फुगला की कळतंच, पण तोवर त्यातलं पाणी बोर्डभर झालेलं असतं.

आता उष्णता. इथे पोरं बोलून-चालून फसतात, कारण मोजत कोणी नाही, बोट लावून "गरम नाहीये" म्हणतात. अधिक-उणे १७ व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर असेल तर वाईटात वाईट वेळी आयसीला सात-सव्वासात वॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. ४ ओहमचा लावला की दुप्पट, साडेचौदा. आयसीच्या आतून पाठीच्या पत्र्यापर्यंत दर वॅटला ३ अंशांचा फरक पडतो, म्हणजे पत्रा हाताला ६० अंश लागला तर आतला तुकडा शंभरच्या पुढे गेलेला असतो. मे महिन्यात इंदूरची खोलीच ४० अंशांवर असते. गणिताची सुरुवात तिथून करा, २५ पासून नव्हे. आणि "मी आवाज मधलाच ठेवतो" हा बचाव चालत नाही. या जातीचा आयसी सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण आवाजावर नाही, कमाल ताकदीच्या साधारण चाळीस टक्क्यांवर.

हीटसिंक, म्हणजे आयसीची उष्णता हवेत सोडणारा धातू, म्हणून लावलेलं स्वस्तातलं यू आकाराचं पान ४ ओहमला पुरत नाही. मी भंगारातून जाड पंखांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणतो, तळहाताएवढी, आणि पंख उभे ठेवतो. आडवे ठेवले की गरम हवा पंखांतच कोंडून बसते. डब्याला खालूनही भोकं पाडा, नुसती वरून पाडून हवा येणार कुठून?

आयसी आणि हीटसिंकच्या मध्ये लावायचा लेप, म्हणजे थर्मल कंपाऊंड, लोक पोह्यांवर शेव टाकावी तसं टाकतात. ते पत्र्यांमधल्या बारीक खाचा भरण्यापुरतं हवं, खालचा धातू अंधुक दिसला पाहिजे. पंखाही लावा, पण हीटसिंक लहान ठेवायची सबब म्हणून नको. वर्षभरात तो धुळीने जाम होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि मायका, म्हणजे वीज अडवणारा अभ्रकाचा पातळ पापुद्रा. टीडीए २०३० च्या पाठीचा पत्रा आतून उणे पुरवठ्याला जोडलेला असतो. अर्थिंग केलेल्या लोखंडी डब्याला तो थेट पेचाने आवळला तर उणे बाजू ग्राउंडला शॉर्ट. मध्ये मायका आणि पेचाला प्लास्टिकचा बुश, दोन्ही लागतात. नुसती मायका घालून बुश विसरणाऱ्यांची संख्या पाहून मला वाटतं की बुश अदृश्य असावा. पेच आवळल्यावर मीटर बीपवर ठेवून पत्रा आणि डबा तपासा. बीप आली तर सगळं उघडा. मायकाखाली ड्रिलचा एक कण राहिला तरी येते, माझी दोनदा आली आहे.

फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालणाऱ्यांना मी चहा देतो, सल्ला देत नाही.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावू नका. मेनच्या फेजमध्ये सिरीज बल्ब घाला, म्हणजे वीज बल्बमधून होऊनच अ‍ॅम्पला जाईल असा, १०० वॅटचा. बटण दाबलं की क्षणभर उजळून विझत आला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि आयसीऐवजी बल्बने मार खाल्ला. मग मीटरने दोन्ही बाजूंचे व्होल्ट, मग स्पीकरच्या तारांवरचा डीसी. तो ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच वूफर जोडायचा. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच कोणाकडे नसतात.

एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, तारेचाच हवा. तो आता दुकानांत लवकर सापडत नाही. मी चार जपून ठेवले आहेत. एखादा उसना न्या, पण कागदात गुंडाळून परत आणा. मागच्या वेळचा अजून आलेला नाही.