पोलादाचा भाव एक नसतो: बांधकामासाठी खरेदी करताना जागतिक बाजार कसा वाचावा

‘पोलाद महागले’ एवढ्याच बातमीवर खरेदीचा निर्णय घेऊ नका. कोणते पोलाद, कोणत्या भट्टीतले, कोणत्या बंदरात पोचवलेले, हे कळेपर्यंत त्या बातमीला अर्थ नाही. बातम्यांतला आकडा बहुतेक वेळा एचआर कॉइलचा (गरम लाटलेल्या पत्र्याच्या गुंडाळीचा) किंवा शांघायच्या सळई वायद्याचा असतो. तुमच्या इमारतीत मात्र बीम, प्लेट, हॉलो सेक्शन (पोकळ नळ्या), पर्लिन (छपराचे पत्रे पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि सळई असा पाच तऱ्हांचा माल असतो आणि प्रत्येकाचा भाव वेगळ्या कारणाने हलतो. कॉइलचा भाव पडला म्हणून बीमची ऑर्डर रोखून धरणे, ही या धंद्यातली फार महागात पडणारी आणि वारंवार होणारी चूक आहे.

आधी टनेज कुळांप्रमाणे वेगळे करा

ड्रॉइंगवरून काढलेले एकूण टनेज बाजार समजायला काही कामाचे नाही. ते असे फोडा.

हॉट रोल्ड बीम आणि कॉलम: अमेरिका आणि युरोपात हा माल मुख्यतः आर्क फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, भंगार वितळवून होतो. म्हणून याचा भाव भंगार आणि विजेच्या मागे चालतो. चीनमध्ये बहुतांश पोलाद ब्लास्ट फर्नेसचे, म्हणजे खनिज आणि कोळशावर चालणाऱ्या झोतभट्टीचे, त्यामुळे तिथला बीम लोहखनिज आणि कोकिंग कोळशाकडे बघतो.

प्लेट: स्लॅब, म्हणजे पोलादाची जाड लादी, लाटून होते. जगभरात स्लॅबचा मोठा भाग ब्लास्ट फर्नेसमधून येतो. प्लेट गर्डरचे काम असेल तर खनिज आणि कोळसा पाहा.

चौकोनी आणि गोल हॉलो सेक्शन: एचआर कॉइल वाकवून, वेल्ड करून. कॉइलचा भाव हलला की काही आठवड्यांत हा भाव हलतो. पर्लिन आणि डेकिंग शीट हे गॅल्व्हनाइझ्ड कॉइलचे, म्हणजे त्यात जस्ताचा भावही मिसळलेला. सळई मुख्यतः भंगार आणि बिलेटच्या (लाटण्याआधीच्या पोलादी कांडीच्या) मागे.

अशी फोड केल्यावर लक्षात येते की ८०० टन बीम आणि १५० टन हॉलो सेक्शनच्या कामात तुमची खरी जोखीम भंगार आहे, कॉइल नाही. पुढचे सगळे निरीक्षण त्या प्रमाणात करायचे.

कच्च्या मालाचा धक्का किती, याचे गणित

वर्ल्ड स्टील असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने एक टन कच्चे पोलाद करायला सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ०.८ टन कोळसा लागतो. म्हणजे खनिज टनामागे १० डॉलरने वाढले तर पोलादाच्या खर्चात साधारण १४ डॉलर भर पडते, आणि कोळसा ५० डॉलरने वाढला तर ४० डॉलर. आर्क फर्नेसमध्ये टनामागे साधारण १.१ टन भंगार जाते आणि वितळवण्यासाठी ४०० ते ५०० युनिट वीज. भंगार १० डॉलरने वाढले तर ११ डॉलर. विजेचा दर युनिटमागे एका सेंटने वाढला तर ४ ते ५ डॉलर. लाटण्याची वीज त्यावर वेगळी.

२०२२च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धानंतर ऑस्ट्रेलियाचा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. त्याच काळात युरोपातल्या काही आर्क फर्नेस विजेच्या दरामुळे बंद ठेवाव्या लागल्या. महागाई दोन्हीकडे आली, पण प्लेट आणि बीम वेगवेगळ्या कारणांनी महागले, आणि कारण वेगळे असले की उतरण्याची वेळही वेगळी असते. कारण माहीत नसेल तर कुठल्या आकड्याकडे डोळे लावून बसायचे हेच कळत नाही.

खर्च वाढला म्हणजे भाव वाढलाच, असेही नाही. मागणी मंद असेल तर कारखाना आपला नफा कापून वाढ सोसतो. म्हणून विक्रीभाव वजा कच्च्या मालाचा खर्च, हा फरक दर महिन्याला लिहून ठेवा. फरक नेहमीपेक्षा खूप आकसला असेल तर भाव आणखी पडायला जागा कमी; कारखाने तोट्यात विकण्यापेक्षा उत्पादन कमी करतात. फरक फुगलेला असेल तर घासाघीस करायला वाव आहे. एकट्या भावापेक्षा हा फरक जास्त सांगून जातो.

दर आठवड्याची नोंदवही

सहा ओळी पुरतात: ६२ टक्के लोहाचे खनिज (चीनच्या बंदरात पोच); ऑस्ट्रेलियन कोकिंग कोळसा (एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतचा भाव); एचएमएस ८०:२० हे जड भंगार (तुर्कस्तान पोच); एचआर कॉइल; तुम्ही जिथून घेणार तिथला बीमचा भाव; आणि डॉलरचा विनिमय दर. तुर्कस्तान जगातला सर्वांत मोठा भंगार आयातदार आहे, म्हणून तिथल्या पोच भावाला जगभर मान आहे. लंडन मेटल एक्स्चेंजवर त्याच भावाचा वायदाही २०१५पासून चालतो.

नोंदी करताना चुका होतात त्या एककांत. अमेरिकेतला भाव बहुधा शॉर्ट टनाचा असतो, आणि शॉर्ट टन म्हणजे ९०७ किलो. मेट्रिक टनावर आणायला १.१०२ने गुणा: ९०० डॉलर शॉर्ट टन म्हणजे ९९२ डॉलर मेट्रिक टन. शंभर पौंडांचा भाव दिला असेल तर २२.०४६ने गुणा. दुसरी चूक पोच-अटीची. एफओबी भावात समुद्रभाडे नाही, सीएफआरमध्ये भाडे आहे पण विमा, शुल्क आणि बंदरावरची हाताळणी नाही. दोन कोटेशनांची तुलना नेहमी साइटवर पोच भावावर करा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा एफओबी भाव तोच होता, पोच भाव आणि तारीख दोन्ही बदलले.

चीनकडे बघायचे ते का

२०२४मध्ये जगात सुमारे १८८ कोटी टन कच्चे पोलाद निघाले, त्यातले १०० कोटी टन एकट्या चीनचे. दुसऱ्या क्रमांकावरचा भारत सुमारे १५ कोटी टनांवर. चीनचे उत्पादन २०२०मध्ये सर्वोच्च होते. त्यानंतर घरबांधणीचे क्षेत्र कर्जात अडकले, देशातला खप घटला आणि माल बाहेर वळला. २०२४मध्ये चीनची निर्यात सुमारे ११ कोटी टन झाली, म्हणजे २०१५च्या उच्चांकाच्या जवळपास.

याचा परिणाम दोन टप्प्यांत येतो. आधी स्वस्त कॉइल, प्लेट आणि बिलेट बाजारात येतात. मग आयातदार देशांचे कारखाने तक्रार करतात, चौकशी लागते आणि अँटी-डम्पिंग (फार स्वस्त विकलेल्या मालावरचे) किंवा सेफगार्ड (आयातीच्या लोंढ्यापासून संरक्षणाचे) शुल्क बसते. पहिला टप्पा खरेदीदाराला सुखाचा वाटतो, पण माल समुद्रात असतानाच दुसरा टप्पा सुरू होऊ शकतो. काही देशांत हे शुल्क मागच्या तारखेपासूनही लावता येते. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या देशाच्या व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर त्या मालाच्या एचएस कोडवर (कस्टम्सच्या वर्गीकरण क्रमांकावर) चौकशी चालू आहे का, ते पाहा. साध्या कार्बन पोलादाचे सेक्शन ७२१६ खाली येतात, मिश्रधातूचे ७२२८ खाली, आणि फॅब्रिकेट केलेला सांगाडा ७३०८ खाली. कोड बदलला की शुल्क बदलते.

इथे एक तांत्रिक बाब जरूर सांगायला हवी. बोरॉन ०.०००८ टक्के किंवा क्रोमियम ०.३ टक्के झाले की पोलाद कस्टम्सच्या वर्गीकरणात ‘मिश्रधातू’ होते. चीनमध्ये निर्यातीवरचा करपरतावा मिळवण्यासाठी पूर्वी बोरॉन घातला जाई. २०१५च्या सुरुवातीला तो परतावा बंद झाल्यावर क्रोमियमचा वापर वाढला. हे टक्के ताकदीसाठी घातलेले नसतात, पण वेल्डिंगवर परिणाम करतात. मिल सर्टिफिकेटवर (कारखान्याच्या चाचणी दाखल्यावर) कार्बन इक्विव्हॅलंटच्या, म्हणजे वेल्डिंग किती सोपे हे सांगणाऱ्या आकड्याच्या, बरोबरीने बोरॉन आणि क्रोमियमचे आकडे मागा, आणि ते वेल्डिंग इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

शुल्काच्या आणि कार्बनच्या तारखा

अमेरिकेत पोलादावरचे शुल्क २०१८मध्ये २५ टक्के होते. ४ जून २०२५पासून बहुतेक देशांसाठी ते ५० टक्के झाले. युरोपीय संघाची २०१८ची सेफगार्ड व्यवस्था कोट्यावर आधारलेली: कोट्यातला माल शुल्काविना, बाहेरच्यावर २५ टक्के. तिची मुदत ३० जून २०२६ची, आणि तिच्या जागी ५० टक्के शुल्क व वर्षाला १.८३ कोटी टन कोटा असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२५च्या ऑक्टोबरात मांडला. कोटे तिमाहीवार उघडतात. तिमाहीच्या पहिल्या दिवशी माल सोडवून घ्यायला गर्दी होते आणि मागणी मोठी असलेले कोटे त्याच दिवशी संपू शकतात. युरोपला माल नेणाऱ्याने आगमनाची तारीख तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात धरावी आणि बंदरावर थांबण्याचा खर्च आधीच हिशेबात घ्यावा.

युरोपच्या कार्बन सीमाशुल्काचा, म्हणजे सीबॅमचा, प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६पासून आहे. ७३०८ खालचा तयार सांगाडाही त्यात येतो. ब्लास्ट फर्नेसच्या टनामागे सुमारे २.३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगारावरच्या आर्क फर्नेसचा सुमारे ०.७. बोजा एकदम पडत नाही: २०२६मध्ये २.५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०३४ला पूर्ण होतो. पण तीन-चार वर्षांच्या प्रकल्पाला शेवटच्या टप्प्याच्या मालात तो जाणवेल. पुरवठादाराकडून त्या विशिष्ट कारखान्याचे ईपीडी, म्हणजे मालाच्या पर्यावरणीय परिणामाचे घोषणापत्र, मागा. अख्ख्या उद्योगाच्या सरासरीचे ईपीडी दाखवले तर तुमच्या मालाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

कोटेशन हातात आल्यावर

बीम रोज लाटले जात नाहीत. कारखाना एकेका आकाराची फेरी ठरवतो आणि कमी खपाच्या आकाराची पुढची फेरी सहा-आठ आठवड्यांनी येऊ शकते. भाव उत्तम आहे पण फेरी गेली, तर स्टॉकिस्टकडून चढ्या दराने घ्यावे लागते. म्हणून आधी फेरीची तारीख विचारा, मग भाव.

‘बेस’ भावावर आकाराचा, ग्रेडचा, लांबीचा आणि चाचण्यांचा अधिभार असतो. बेस कमी दाखवून अधिभारात भरून काढलेली कोटेशने पुष्कळ दिसतात. मोजणी सैद्धांतिक वजनावर की काट्यावर, हेही लिहून घ्या. युरोपीय मानक ईएन १००३४ बीमच्या वजनात ४ टक्के कमी-जास्त चालू देते; ५०० टनांवर तो २० टनांचा प्रश्न आहे.

ग्रेडची तुलना किलोच्या भावावर करू नका. एस२७५ ऐवजी एस३५५ घेतले (आकडा म्हणजे किमान यील्ड, पोलाद कायमचे वाकू लागते तो ताण, मेगापास्कलमध्ये) तर ताकद सुमारे २९ टक्क्यांनी वाढते, आणि भावातला फरक सहसा त्याहून बराच कमी असतो. पण बीमचा आकार डिफ्लेक्शनवर, म्हणजे तो किती लवतो यावर, ठरलेला असेल तर फायदा शून्य, कारण दोन्हींचा लवचिकता गुणांक तोच, २१० गिगापास्कल. शिवाय जाडी १६ मिमीच्या वर गेली की एस३५५ची किमान यील्ड ३४५, आणि ४० मिमीच्या वर ३३५. चीनचे क्यू३५५, अमेरिकेचे ए९९२ (३४५ मेगापास्कल) आणि युरोपचे एस३५५ हे शेजारी आहेत, जुळे नाहीत. बदली माल स्वीकारण्यापूर्वी चार्पी चाचणीचे (आघात सोसण्याच्या चाचणीचे) तापमान आणि ३.१ सर्टिफिकेट (त्याच मालाच्या चाचणीचा कारखान्याचा दाखला) पाहा.

भाववाढीचे कलम

लांब प्रकल्पात ठरावीक भाव मागितला तर पुरवठादार भीतीची किंमत त्यात घालतो. सूत्र बरे. बीमसाठी: नवा भाव = मूळ भाव + १.१ × (डिलिव्हरी महिन्याची भंगार सरासरी − मूळ महिन्याची सरासरी). भंगार ३५० वरून ३९० झाले तर टनामागे ४४ डॉलर, ८०० टनांवर ३५,२०० डॉलर.

भांडण होते ते ५ टक्के सवलतपट्ट्यावरून, म्हणजे ज्या मर्यादेपर्यंतचा बदल मोजायचा नाही तिच्यावरून. ३५०च्या ५ टक्के म्हणजे १७.५. पट्टा ओलांडल्यावर पूर्ण ४० मोजायचे की फक्त वरचे २२.५? दुसऱ्या अर्थाने रक्कम १९,८०० डॉलरवर येते. हे एक वाक्य कलमात नसले तर १५,४०० डॉलरचा वाद उभा राहतो. तसेच निर्देशांकाचे नाव, तो प्रकाशित करणारी संस्था, एकक, सरासरीचा कालखंड, निर्देशांक बंद पडला तर पर्याय, आणि उतरला तर तुम्हालाही परतावा, हे सगळे लिहून हवे. बीमच्या करारात एचआर कॉइलचा निर्देशांक घातलेला दिसला तर सही करू नका.

ऑर्डर कधी

तळ गाठण्याच्या मागे लागू नका. कारखान्याचे आठ ते बारा आठवडे आणि समुद्राचे चार ते सहा धरून उभारणीच्या तारखेपासून उलटे मोजा. त्यात फॅब्रिकेशन आणि रंगाचा किंवा गॅल्व्हनाइझिंगचा वेळ मिळवा. ज्या तारखेला ऑर्डर गेलीच पाहिजे, ती निघते. तिच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत टनेज तीन हिश्श्यांत, आकारांप्रमाणे उचला: दुर्मीळ आणि जड सेक्शन सर्वांत आधी, कारण त्यांना स्टॉकिस्टकडे पर्याय नसतो, नेहमीचे हलके सेक्शन आणि अँगल शेवटी, कारण ते कुठेही मिळतात आणि ड्रॉइंग बदलले तरी पडून राहत नाहीत. प्रत्येक जड सेक्शनला एक पर्यायी आकार डिझायनरकडून आधीच मंजूर करून ठेवा, म्हणजे फेरी चुकली तरी दुसऱ्याच दिवशी बदली ऑर्डर पाठवता येते.