पेट्या नकोत, शिक्षकाचं मानधन द्या

खडूंच्या पेट्या पाठवू नका. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, तिथल्या मूळ रहिवाशांच्या म्हणजे माया लोकांच्या वस्तीत, मुलांच्या चित्रकलेच्या वर्गाला मदत करायची आहे, असं कोणी म्हणालं की मी आधी हेच सांगते. समोरच्याचा चेहरा थोडा उतरतो, कारण पेटी भरण्यात एक हौस असते. आम्हालाही होती. आम्ही सात मैत्रिणी, सगळ्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. अतित्लान सरोवराकाठच्या सांतियागो अतित्लान गावातल्या एका वर्गाचा खर्च आम्ही सहा वर्षं उचलतोय. पहिल्या वर्षी ऑइल पेस्टलचे चाळीस डबे कुरिअरने पाठवले. ते कस्टम्समध्ये अडकले. सोडवून घ्यायला जे पैसे भरावे लागले, त्यात तिकडच्या दुकानातून तेवढेच डबे पुन्हा आले असते. डबे गावात पोचले तेव्हा शाळेचं वर्ष संपलं होतं. तिकडे वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबरात संपतं, एवढीही चौकशी आम्ही केली नव्हती.

म्हणून पहिलं काम, शिक्षक शोधा. आणि तो गावातलाच शोधा. या भागात चित्रकार बाहेरून आणावे लागत नाहीत. सान हुआन कोमालापाचे आंद्रेस कुरुचिच हे शेतकरी घरातले, काकचिकेल या माया जमातीचे चित्रकार, जन्म १८९१चा, आणि त्यांच्यामागे त्या गावात चित्रकारांची रांगच लागली. सरोवराकाठी सान पेद्रो ला लागुनात राफाएल गोन्सालेस इ गोन्सालेस यांच्यापासून अशीच परंपरा सुरू झाली. सांतियागोत हुआन सिसाय होऊन गेले, त्यांची १९८९ साली हत्या झाली. इथल्या चित्रकारांची एक खास नजर आहे: बाजार थेट वरून बघायचा, उडत्या पाखरासारखा. टोपल्या, टोमॅटो, बायकांची डोकी, सगळं गोल गोल, आणि माणसांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. मी तिथे तीन महिने राहिले तेव्हा मुलांना पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवायची रीत, शिकवायला निघाले होते. क्षितिजरेषा आखून दिली. मुलांनी ती निमूटपणे आखली आणि तिच्या खाली पुन्हा वरून दिसणारा बाजार काढला. त्यांना त्यांचं पर्स्पेक्टिव्ह आधीच येत होतं. त्या दिवसापासून मी फळ्यापुढे उभी राहिले नाही, मागच्या बाकावर बसून रंग कालवून दिले.

गावातलाच शिक्षक हवा, याला भाषेचंही कारण आहे. ग्वाटेमालात बावीस माया भाषा आहेत, या गावाची त्सुतुहिल. लहान मुलं घरात तीच बोलतात, स्पॅनिश शाळेत शिकतात. चित्राबद्दल मूल खरं काय ते सांगतं ते घरच्या भाषेत. तिसरं कारण वाऱ्याचं. दुपारनंतर सरोवरावर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि लाटा अशा उठतात की होडीत बसलेला माणूस काठ पकडून बसतो. वर्ग दुपारीच भरतो, कारण प्राथमिक शाळा बहुतेक सकाळच्या. पलीकडच्या गावाहून लांचाने, म्हणजे मोटारहोडीने, येणारा शिक्षक आठवड्यात एखादा तरी वर्ग चुकवणारच. आमचा पहिला शिक्षक असाच होता. माणूस गुणी, पण वाऱ्यापुढे काय करणार?

आता पैसे. शंभर केत्साल (हे तिकडचं चलन) जमले तर आम्ही साठ मानधनाला ठेवतो, पंचवीस खाऊला आणि उरलेले कागद-रंगांना. (एका डॉलरला पावणेआठ केत्सालच्या आसपास मिळतात.) ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण रंग संपले तर मुलं पेन्सिलीने काढतात, पेन्सिल नसली तर कोळशाने. शिक्षक गेला तर वर्ग बंद. तिथला चित्रकार पर्यटकांना चित्रं विकून जगतो. हंगाम पडला की तो कॉफीच्या मळ्यात नाहीतर बांधकामावर जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळाली, तरच तो मंगळवार आणि गुरुवार मोकळे ठेवील. वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा करू नका, चौदा महिन्यांचा करा. ग्वाटेमालात पगारदाराला जुलैत एक जादा पगार मिळतो, त्याला बोनो कातोर्से म्हणतात, आणि वर्षअखेरीला दुसरा, अगिनाल्दो. दोन दुपारी शिकवणाऱ्याला तो कायद्याने लागू होतो की नाही, या वादात आम्ही पडलो नाही. शेजारच्या घरात डिसेंबरात पैसे येतात आणि शिक्षकाच्या घरात येत नाहीत, हे आम्हाला पटलं नाही, म्हणून देतो.

खाऊवर काटकसर करू नका. त्याला तिकडे रेफाक्सियोन म्हणतात. या देशात पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं कुपोषणामुळे वयाच्या मानाने खुजी राहतात, आणि माया घरांत हे प्रमाण त्याहून जास्त. दोन वाजता वर्गात आलेलं मूल सकाळपासून काय खाऊन आलंय ते त्याच्या हातावरून कळतं, रेघ थरथरते. आधी आतोल हे मक्याचं गरम पेय आणि घेवड्याच्या पुरणाची तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, मग कागद. हे करायला एखाद्या मुलाच्या आईलाच पैसे देऊन नेमा. ती वर्गाकडे लक्षही ठेवते.

सामान तिथलंच घ्या. स्टेशनरीच्या दुकानाला तिकडे लिब्रेरिया म्हणतात. टेंपेरा रंग, कार्तुलिना म्हणजे जाड कागद, पतंगाचा कागद, सगळं मिळतं. मोठ्या मुलांना तैलरंगाचं शिकवायचं असेल तर तयार कॅनव्हास घेऊ नका. मांता नावाचं जाडं सुती कापड, आपल्या मांजरपाटासारखं, वारावर घेऊन चौकटीवर ताणायचं आणि त्यावर अस्तर द्यायचं. हे काम मुलं स्वतः करतात आणि त्यांना ते चित्राइतकंच आवडतं. मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, कागद झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगा. आमचं एक अख्खं बंडल बुरशीने गेलंय.

पहिल्या दिवशी काय करायचं, असं नवा शिक्षक विचारतो, तेव्हा मी पंचवीस सेंतावोच्या नाण्याचं सांगते. कागदाखाली नाणं ठेवायचं आणि वरून पेन्सिल आडवी धरून घासायची. एक बाईचा चेहरा वर येतो, डोक्याभोवती लांबलचक फीत गुंडाळून केलेली चकती. ही बाई याच गावची, कोन्सेप्सियोन रामिरेस. त्या २०२१ साली वारल्या. मुलांच्या हातातून रोज जाणारं नाणं, पण कागदावर ती उमटायला लागली की खोली शांत होते. आधी नाक, मग ओठ, मग फितीचे वळसे. मागच्या खेपेला एक आठ वर्षांची मुलगी घासता घासता थांबली आणि त्सुतुहिलमध्ये काहीतरी म्हणाली. शिक्षकाने मला सांगितलं, ती म्हणतेय, माझी आजी पण अशीच बांधते. मग तिने आजी काढली. नाणं बाजूला राहिलं.

आणि विषय लांबून ठरवून देऊ नका. आमच्यातल्या एकीने विचारलं होतं, ही मुलं डोंगर तपकिरी का रंगवतात, जरा आनंदी काढायला सांगा की. ऑक्टोबर २००५मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात तोलिमान ज्वालामुखीच्या उतारावरून चिखल आला आणि पानाबाख ही वस्ती त्याखाली गाडली गेली, शेकडो माणसांसकट. आजची मुलं तेव्हा जन्मलेली नव्हती, पण घराघरांत ती रात्र सांगितली जाते. डोंगर तपकिरीच राहू द्या.

फोटोंचं बजावून सांगते. मुलांचे फोटो मागू नका, आणि तिथे गेलात तर आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका. २००० साली तोदोस सांतोस कुचुमातान गावात, मुलं पळवणारे आलेत अशा अफवेतून, जमावाने एका जपानी पर्यटकाला आणि एका ग्वाटेमाली बसचालकाला ठार मारलं. ती भीती अजून विरलेली नाही. आणि भीती नसती, तरी पैसे दिले म्हणून मुलाचा चेहरा आपल्या मालकीचा होत नाही. आभाराची चित्रंही काढून घेऊ नका. वर्गाचा अहवाल म्हणून आम्ही शिक्षकाकडून तीनच गोष्टी मागतो: हजेरीचं पान, खर्चाच्या पावत्या आणि ज्या मुलांनी स्वतःहून द्यावंसं वाटून दिलं त्यांच्या चित्रांचे फोटो.

हजेरीत मुलींची नावं वेगळी मोजा. अकरा-बारा वर्षांच्या झाल्या की त्या गळायला लागतात. धाकटं भावंड सांभाळायचं असतं. आम्ही नियम केला, पाठुंगळीला भावंड घेऊन आलेली चालेल. वर्गात थोडा गोंगाट होतो, पण मुली येतात.

पैसे कोणा एका व्यक्तीच्या खात्यावर पाठवू नका, कितीही विश्वासाची असली तरी. नोंदणी झालेली स्थानिक असोसिएसियोन, म्हणजे संस्था, शोधा, तिचा करक्रमांक म्हणजे नीत मागून घ्या, आणि गावच्या विकास समितीला, कोकोदेला, वर्गाची कल्पना आहे ना हे विचारा. खोली बहुतेक त्यांच्याच हातात असते. भारतातून पैसे बँकेमार्फत देणगी म्हणून पाठवता येतात, परदेशी रक्कम पाठवायचा ए-टू फॉर्म भरून. परदेशी संस्थेला दिलेल्या या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, ती धरून चालू नका. दर महिन्याला थोडे पाठवण्यापेक्षा तिमाहीला एकदा पाठवा, बँकेचं शुल्क वाचतं.

आणि बंद करायचं झालं तर सप्टेंबरात सांगा. जानेवारीत मुलं वह्या घेऊन दारात उभी राहिल्यावर नाही. पुढच्या वर्षाच्या मानधनाचा पहिला हप्ता आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वर्ग संपायच्या आत, पाठवतो. शिक्षकाला तो आल्याचं मुलांना सांगता यावं म्हणून.